नर्सिंग : कोणता अभ्यासक्रम कुठे नेतो?

एएनएम : २ वर्षे. बारावी, कोणतीही शाखा. काम मुख्यतः उपकेंद्रावर आणि गावपातळीवर: लसीकरण, गरोदर मातांची तपासणी. गावातली 'आशा' वेगळी: ती मानधनावरची स्वयंसेविका. एएनएम झालेली परिचारिका मात्र नोंदणीकृत असते.

जीएनएम : ३ वर्षांची पदविका. कला-वाणिज्य शाखेलाही प्रवेश. रुग्णालयात स्टाफ नर्स.

बी.एस्सी. नर्सिंग : ४ वर्षांची पदवी. बारावी विज्ञान, जीवशास्त्र आवश्यक. महाराष्ट्रात स्वतंत्र सीईटी. विद्यापीठ नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८).

जीएनएम आणि पदवी यांतला फरक नोकरीच्या वेळी कळतो. 'एम्स'च्या नर्सिंग ऑफिसर भरतीत पदवीधराला अनुभवाची अट नाही. जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो. मात्र जीएनएमची वाट तिथेच संपत नाही. २ वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळते, पुढे एम.एस्सी.ही (२ वर्षे) करता येते.

नोंदणी : अभ्यासक्रमानंतर राज्य परिषदेकडे, म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे. त्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. जीएनएम आणि बी.एस्सी.साठी पुरुषही पात्र.

शुल्क भरण्याआधी संस्थेची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः पाहा.