लवचीकपणाचे ओझे

आमच्या पिशोरला माझी भाची लहानपणी सगळ्या घराची करमणूक होती. हाताचा अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची, करंगळी उलटी उभी करायची, गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीवर ठेवायची. लग्नकार्यात पाहुणे जमले की ‘दाखव गं’ असा आग्रह व्हायचा. आग्रह करणाऱ्यांत मीही होतो.

आज ती दहावीत आहे. नववीत असताना तिच्या वह्या अर्ध्यावर थांबू लागल्या. शाळेतून आली की दप्तरासकट आडवी व्हायची. ‘हात दुखरा, मामू,’ म्हणायची. आमच्या घरातल्या दखनी बोलीतले हे साधे वाक्य मी वर्षभर ऐकले आणि ‘मोबाईल कमी बघ’ म्हणून सोडून दिले. शाळेत कामचुकार असा शेरा मिळाला. रक्ताच्या तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा पोर सोंग करते असे आम्हीच ठरवून टाकले. शब्दांवर जगणाऱ्या माणसाला लेकराचा एक शब्द कळला नाही, याची खंत मला आजही आहे.

शेवटी जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरांनी तिला नेमके तेच प्रकार करायला सांगितले, जे आम्ही पाहुण्यांपुढे करवून घेत होतो. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते गुण मोजत होते. या तपासणीला बायटन मोजणी म्हणतात. दोन्ही करंगळ्या, अंगठे, कोपरे, गुडघे आणि कंबर मिळून एकूण 9 गुण. सांधे प्रमाणाबाहेर वळतात का, हे त्यावरून कळते.

हे समजायला बाजेचे उदाहरण घ्या. बाजेची दोरी ढिली झाली की झोपणाऱ्याची पाठ धरते. सांध्यातली हाडे अस्थिबंधांनी बांधलेली असतात. ते बंध सैल असले की सांधा जागेवर धरून ठेवण्याचे काम स्नायूंवर येते. स्नायू दिवसभर जादा पाळी करतात आणि थकतात. आपले बोट नेमके कुठे आहे याची जाणीवही अशा मुलांत कमी असू शकते. म्हणून ती पेन गरजेपेक्षा घट्ट धरतात. काहींना सतत थकवा, उठताना भोवळ, पोटाच्या तक्रारी असतात. अंग लवचीक असणारी पुष्कळ मुले ठणठणीत असतात, त्यांना उपचार लागत नाहीत. त्रास होत असेल तरच प्रश्न आहे, आणि तो क्ष-किरणात दिसेलच असे नाही.

हा सैलपणा कायमचा घालवणारे औषध नाही. मग करायचे काय? इथे ‘ऑक्युपेशनल थेरपी’ उपयोगी पडते. मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. या शब्दाने लोकांना नोकरीधंदा आठवतो. पण इथे व्यवसाय म्हणजे दिवस ज्यांनी भरतो ती सगळी कामे : वेणी घालणे, लिहिणे, भाकरी थापणे, नमाज पढणे.

ही विद्या आपल्याकडे आणली एका सुनेने. अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर लग्न करून महाराष्ट्राच्या झाल्या, पुढे या विषयाचे शिक्षण घेऊन आल्या आणि 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी भारतातली पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. 1952 साली देशातल्या व्यवसायोपचारकांची संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाने आहे. आज मुंबई, नागपूरच्या शासकीय व पालिका महाविद्यालयांत हा पदवी अभ्यासक्रम चालतो. पिशोरसारख्या गावाला मात्र हा उपचार अजून लांबच आहे.

भाचीला भेटलेल्या उपचारक बाईंनी आधी व्यायाम सांगितलाच नाही. सकाळी उठल्यापासूनचा दिवस विचारला आणि कागदावर मांडला. मग एकेक काम बदलले. पेनाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ते जाड केले. लिहायला जुन्या मुनिमांसारखी उतरती फळी, पायाखाली पाट. दर पंधरा मिनिटांनी हात खाली. दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाण्याच्या हंड्याऐवजी दोन फेऱ्यांत कळशी. घरच्या अद्रकाची माती बोटांनी न काढता ब्रशने. गुडघे दुखतील त्या दिवशी नमाज खुर्चीवर; आजाऱ्याला ती मुभा आहेच. स्नायू बळकट करणारे हलके व्यायाम त्यानंतर आले. आणि पाहुण्यांपुढचे ते खेळ कायमचे बंद.

सगळ्यांत मोलाचा धडा ताकदीच्या हिशेबाचा. बरे वाटले की ही मुले सगळी कामे एका दिवसात उरकतात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतात. बाईंनी तिला विचारले, ‘बाजारात शंभरच रुपये घेऊन गेलीस, तर पहिल्याच दुकानात सगळे देशील का?’ तेव्हापासून ती रोज थोडी ताकद शिल्लक ठेवते.

आता प्रश्न परीक्षेचा आहे. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला : लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही. त्यानंतर 2022 साली केंद्राने अशा उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शालान्त परीक्षेतल्या सवलतीसाठी अर्ज शाळेमार्फत, वैद्यकीय प्रमाणपत्रासह जातो. म्हणून पालकांनी फॉर्म भरतानाच चौकशी करावी. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांनाही लेकराचा त्रास सांगावा.

आम्ही अर्ज दिला आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत. भाचीचे हात अजून दुखतात. पण परवा तिने पूर्ण दोन पाने लिहिली, मध्ये तीन वेळा थांबून. आपा काळजीने म्हणाली, ‘इतकी थांबलीस तर पेपर कसा पुरा होणार?’ पोरगी म्हणाली, ‘थांबले म्हणून तर दोन पानं झाली, अम्मी.’

तुमच्या घरातले लेकरू ‘दुखते’ म्हणाले, तर आधी विश्वास ठेवा. उपचाराची सुरुवात तिथूनच होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)