बँड जमला, आता तालीम हवी

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या, की शहरांतल्या सोसायट्यांमध्ये आणि महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर नवे रॉक बँड जन्माला येतात. आधी नाव ठरते. मग त्या नावाचे बोधचिन्ह काढले जाते, काळे टी-शर्ट छापून घेण्याची चर्चा होते. एखाद्याच्या वडिलांनी गुणांच्या बोलीवर इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिलेली असते, एखादा शाळेच्या संचलनात ढोल वाजवून ड्रमपर्यंत पोहोचलेला असतो. यथावकाश पहिली तालीम होते आणि घरी ज्याची बोटे सफाईने फिरत होती, त्याच मुलाचे वादन चौघांच्या गलक्यात कुठेतरी हरवून जाते. यावर सर्वांना एकच उपाय सुचतो, तो म्हणजे आवाज वाढवणे. पुढच्या काही महिन्यांत अनेक बँड मोडतात ते इथूनच. मुलांमध्ये गुण नसतो, असे मुळीच नाही. पण वैयक्तिक वादन सुधारणे आणि बँड सुधारणे ही दोन निराळी कामे आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

आपल्याकडील संगीताच्या परिभाषेत हा भेद फार पूर्वीपासून आहे. रियाज एकट्याने करायचा, तालीम सर्वांनी मिळून. संगीत नाटकातला नट आपली पदे पाठ करूनच तालमीला येत असे. तालमीत पाहायचे ते पेटी, तबला आणि सहकलाकार यांच्याशी आपले जुळते की नाही. नव्या बँडची तालीम मात्र बहुधा सामूहिक रियाजच असते. एक गिटारवादक मोबाइलवर गाणे लावून त्यातला तुकडा शोधत बसतो आणि उरलेले चौघे थांबून राहतात. पाश्चात्त्य देशांत घराला लागून मोटारीसाठी गॅरेज असते आणि तेथे कितीतरी बँड घडले. डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या सदनिकेत ती सोय नाही. तेथील मुलांना तासाच्या भाड्याने जॅम रूम घ्यावी लागते. दोन तास घेतले, तर त्यातला पाऊण तास तारा जोडण्यात आणि वाद्ये लावण्यात जातो. उरलेला वेळ गाणे पाठ करण्यात घालवणे खिशालाही परवडणारे नाही.

तेव्हा पहिला नियम असा, की गाणे पाठ करूनच खोलीत पाऊल टाकावे. कोणते गाणे, कोणत्या पट्टीत, कोणत्या ध्वनिमुद्रणाप्रमाणे, कडवी किती, मधला तुकडा किती आवर्तनांचा, हे आदल्या आठवड्यात कागदावर ठरलेले असावे. घरच्या रियाजाला ड्रमसेट लागतोच असेही नाही. रबरी प्रॅक्टिस पॅडवर हात बसतो आणि इलेक्ट्रिक गिटार हेडफोन लावून वाजवता येते. शेजाऱ्यांची तक्रार येते ती मुख्यतः खालच्या सुरांची. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. इतक्या खालच्या सुराला घराच्या भिंती फारशा अडवू शकत नाहीत. खिडकीला गादी लावून तो थांबत नाही.

आता खोलीतील आवाजाविषयी. ड्रम हे एकच वाद्य असे आहे, की ज्याला आवाज कमी करण्याचे बटण नाही. म्हणून खोलीतील आवाजाची मर्यादा ड्रमवादकाच्या हाताने ठरते आणि बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते. त्याने आधी हात हलका ठेवून वाजवायला शिकावे. जोरात वाजवण्यापेक्षा हे पुष्कळ अवघड आहे. त्यानंतर गायकाचे शब्द स्वच्छ कळतील इतपतच गिटारचे आवाज चढवावेत. कित्येक ठिकाणी याच्या उलट क्रम चालतो. गिटार, मग त्याहून मोठी दुसरी गिटार, आणि शेवटी ध्वनिवर्धक शिट्या मारू लागेपर्यंत चढवलेला गायकाचा माइक. दुसरे कारण अगदी साधे आहे. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवलेला असतो, त्याचा आवाज वादकाच्या पोटरीवर आदळतो आणि समोर उभ्या असलेल्याच्या कानात शिरतो. वादकाला वाटते आपण ऐकूच येत नाही. तोच अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवून तिरपा केला, की आवाज निम्म्यावर आणला तरी भागते.

गिटारच्या स्वराचेही असेच आहे. घरी एकट्याने वाजवताना अ‍ॅम्पवरील 'बेस' आणि 'ट्रेबल' पुरे चढवून 'मिडल' उतरवले, की गिटार भारदस्त वाटते. बँडमध्ये मात्र खालची जागा बेस गिटारने आणि किक ड्रमने, वरची जागा झांजांनी व्यापलेली असते. गिटारला उरते ती मधलीच जागा, आणि नेमकी तीच आपण बटण फिरवून रिकामी केलेली असते. मग आवाज कितीही चढवला तरी ती ऐकू येत नाही. मिडल वाढवा, बेस उतरवा. घरी किंचित कर्कश वाटणारी गिटार बँडमध्ये नेमकी बसते. दोन गिटारवादक असतील, तर दोघांनी एकच कॉर्ड एकाच ठिकाणी वाजवू नये. एकाने खाली धरावा, दुसऱ्याने गिटारच्या दांडीवर वरच्या बाजूस तोच कॉर्ड शोधावा, किंवा सरळ हात थांबवावा. चार मात्रा न वाजवता उभे राहणे हेदेखील वादनच आहे, ही गोष्ट सोळाव्या वर्षी पटणे कठीण असते.

बँडचा पाया म्हणजे ड्रम आणि बेस. आपल्याकडे बेस गिटार बहुधा त्याच्या गळ्यात पडते, ज्याला गिटारमध्ये तिसरा क्रमांक मिळाला. प्रत्यक्षात ड्रमवादकाची किक आणि बेसचा आघात एका क्षणी पडला नाही, तर वरचे सारे डगमगते. या दोघांनी आठवड्यातून एकदा बाकीच्यांना न बोलावता बसावे. मेट्रोनोम लावून, मूळ गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर ८० वर आणून, सगळे गाणे आरंभापासून अखेरपर्यंत वाजवावे. संथ लयीत चुका उघड्या पडतात. नवख्या ड्रमवादकाची लय बहुधा कडव्यात ढळत नाही. दोन कडव्यांमधील तुकडा, म्हणजे फिल, वाजवताना तो धावतो. तबलजी तिहाई कितीही रंगवो, समेवर यायचे ते ठरल्या क्षणीच. फिलचाही तोच न्याय आहे. फिल साधा असावा, पण पुढचा पहिला ठोका जागेवर पडावा.

तालमीतील सर्वांत उपयुक्त यंत्र प्रत्येकाच्या खिशात असते. मोबाइल खोलीच्या मधोमध, कोणत्याही अ‍ॅम्पपासून दूर ठेवून प्रत्येक गाणे मुद्रित करावे आणि ते त्याच दिवशी न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवल्यानंतर लगेच कानात उत्साहच भरलेला असतो. दुसऱ्या दिवशी ऐकताना स्वतःचे वाद्य सोडून इतरांकडे लक्ष द्यावे. गाणे सुरू झाले त्याच लयीत संपले का? शब्द कळले का? सर्वजण एकदम थांबले की एकेक करून? एका तालमीनंतर एकच दोष निवडावा आणि पुढच्या वेळी तेवढाच दुरुस्त करावा. दहा दोषांची यादी केली, तर त्यातून भांडण तेवढे होते.

गायकाचा प्रश्न या वयात नाजूक असतो. मुलांचा आवाज साधारण तेराव्या ते सोळाव्या वर्षांदरम्यान फुटतो आणि त्यानंतरही तो स्थिरावायला काही काळ जातो. अशा गळ्यावर मूळ गायकाची उंच पट्टी लादली, की तो ओरडतो, आणि ओरडण्यालाच रॉक समजण्याची चूक होते. पट्टी बदलणे हा कमीपणा नव्हे. भजनाला बसलेला पेटीवालाही आधी 'काळी दोन की पांढरी चार?' असे विचारून घेतो. जिमी हेन्ड्रिक्स आणि 'गन्स अँड रोझेस' यांच्या बहुतेक गाण्यांत गिटारच्या सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवलेल्या आहेत. त्याने गळ्याचा ताण कमी होतो आणि बोटांचाही. गाऊन घसा दुखत असेल, तर पट्टी चुकली आहे असे समजून तालीम तेथेच थांबवावी.

आणि आता ज्याची भरपाई होत नाही अशा नुकसानीविषयी. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था 'नायॉश'ने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही कानांची मर्यादा मानली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, या हिशोबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. बंद खोलीत ड्रमसेटशेजारी १०० डेसिबलची पातळी सहज गाठली जाते आणि तालीम तर दोन तासांची. अंतःकर्णातील केशपेशी एकदा मेल्या, की माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. तालमीनंतर रात्री कानात शिट्टीसारखा आवाज येत राहणे ही थकव्याची खूण समजून मुले ती विसरतात. ती इशाऱ्याची खूण आहे. 'द हू'च्या पीट टाउनशेंडने आपल्या कानांच्या या दुखण्याविषयी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे चालतात. संगीतकारांसाठी बनवलेले थोडे महाग असतात. पण त्यातून स्वर पुसट होत नाहीत. नवे इफेक्ट पेडल घेण्याआधी पाचही जणांनी ते घ्यावेत, आणि पालकांनी हट्ट धरायचाच झाला तर तो या एका गोष्टीसाठी धरावा.

किती गाणी बसवावीत? पाच. पंधरा अर्धवट गाण्यांचा बँड कोठेही उभा राहू शकत नाही. पाच गाणी पक्की झाली, की मिळेल तेथे वाजवावे. 'बीटल्स' ऑगस्ट १९६० मध्ये हॅम्बुर्गला गेले, तेव्हा जॉर्ज हॅरिसन १७ वर्षांचा, पॉल मॅकार्टनी १८ चा आणि जॉन लेनन १९ चा होता. बंदरावरील क्लबांत त्यांना रोज चार-साडेचार तास, शनिवार-रविवारी त्याहून अधिक वेळ वाजवावे लागे. समोरचा श्रोता उठून जाऊ नये एवढीच अट. त्या वर्षअखेरीस अल्पवयीन म्हणून हॅरिसनची परत पाठवणी झाली, पण लिव्हरपूलला परतलेला बँड पूर्वीचा राहिला नव्हता. आपल्याकडे हॅम्बुर्ग नसेल. सोसायटीचा गणेशोत्सव आहे, शाळेचे स्नेहसंमेलन आहे. ज्या श्रोत्यांना रॉकशी देणेघेणे नाही, त्यांना वीस मिनिटे बसवून ठेवणे हीच खरी परीक्षा.

मुंबईतल्या मुलांसाठी कधीकाळी अंतिम ध्येय असे ते धोबीतलावचे रंगभवन. 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव १९८६ मध्ये तेथेच सुरू झाला आणि 'रॉक मशीन'सारख्या, पुढे 'इंडस क्रीड' झालेल्या बँडने तेथे श्रोते कमावले. शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमांपुढे ते मैफिलींना मुकले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या १०० मीटर परिसरात असे क्षेत्र घोषित करता येते, आणि उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद. कार्यक्रम स्वीकारताना ही वेळ ध्यानात ठेवावी, कारण नवख्या बँडला बोलावतात ते शेवटी किंवा अगदी आधी. आयआयटी मुंबईच्या 'मूड इंडिगो'मधील 'लाइव्हवायर'सारख्या स्पर्धांत उतरायचे, तर मांडामांडीसकट घड्याळ लावून तालीम करावी. सुट्या तारा, जास्तीची केबल, ट्यूनर आणि ड्रमची चावी ज्याच्या पिशवीत असतील, तो मुलगा बँडमध्ये सर्वांत मोलाचा.

इतरांची गाणी वाजवून हात बसतो, ओळख मात्र स्वतःच्या गाण्याने मिळते. ते मराठीत करणाऱ्यांना एक अडचण जाणवते. रॉकची चाल ओळीच्या शेवटी स्वर लांबवते; आपले घर, वाट, पाऊस, आभाळ हे शब्द मात्र व्यंजनावर मिटतात. 'वाट' हा शब्द लांबवायचा, तर 'वा' लांबवावा लागतो; 'ट' ताणला, की शब्दच मोडतो. म्हणून लांबवायच्या जागी आ, ए, ओ यांनी संपणारे शब्द योजावेत आणि लघु अक्षर दीर्घ ठोक्यावर येऊ देऊ नये. कवितेच्या तासाला कंटाळून शिकलेले लघु-गुरू असे अचानक उपयोगी पडतात.

गाणे झाले, की ते कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो, आणि मैत्री तुटते ती बहुधा इथे. डब्लिनमधील एका शाळेच्या फलकावर १४ वर्षांच्या लॅरी मलनने १९७६ मध्ये चिठ्ठी लावली आणि त्यातून 'यूटू' उभे राहिले. या बँडने संगीताचे श्रेय चौघांच्या नावे ठेवले. बँड इतकी वर्षे टिकला, त्यामागे या व्यवस्थेचा वाटा मोठा असावा. वाटणी समानच हवी असे नाही, पण ती गाणे लोकप्रिय होण्याआधी ठरलेली हवी. भारतीय कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा ही पोरकट बाब नव्हे. एक वही करावी. तारीख, गाणे, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि खाली सर्वांच्या सह्या. जॅम रूमच्या भाड्याचा हिशोब त्याच वहीत मागच्या बाजूने लिहावा. जानेवारी ते मार्च तालमी किती व्हायच्या, हेही तेथेच लिहून पालकांना दाखवावे. बारावीच्या वर्षी महिन्यातून दोन पुरतात, आणि प्रॅक्टिस पॅडवरील रोजच्या वीस मिनिटांना कुणाची हरकत नसते.