पायथॉन आवृत्ती-बदल
एकाच संगणकावर पायथॉन या आज्ञावली भाषेच्या अनेक आवृत्त्या ठेवून हवी ती वापरात घेणे, यास आवृत्ती-बदल म्हणतात. २००८ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती दुसरीशी पूर्णतः सुसंगत नव्हती. यूटीएफ-८ संकेतनातील ‘वाई’ या शब्दाची लांबी दुसरीतील साधी अक्षरमाला ९ (बाइट) सांगते, तर तिसरी ३ (व, काना, ई). मराठी मजकुरासाठी हा फरक किरकोळ नाही. आज्ञा मिळताच संगणक ‘पाथ’ या चलातील फोल्डर क्रमाने धुंडाळतो व प्रथम सापडलेली प्रत चालवतो. पायएन्व्ह हे साधन आपले फोल्डर या क्रमात अग्रभागी ठेवते आणि प्रकल्पातील नोंद वाचून आज्ञा योग्य आवृत्तीकडे वळवते. अनेक लिनक्स प्रणालींसोबत आलेली मूळ प्रत मात्र काढून टाकल्यास प्रणालीचीच काही साधने बंद पडतात.