केडगावचे उलटे खिळे

देवनागरी सुलट वाचणं कुणालाही येतं. छापखान्यातल्या जुळाऱ्याला ती उलटी वाचावी लागायची. शिशाच्या खिळ्यावर अक्षर आरशात दिसावं तसं असतं, आणि खिळे ओळीत लावायचे तेही डोकं खाली, पाय वर करून. शिरोरेघ तळाशी जाते आणि सगळी अक्षरं तिच्यावर उभी राहतात. एक ‘परमेश्वर’ शब्द घ्या. प, मग र, मग मात्रा असलेला म, मग श्व, म्हणजे जोडाक्षर, त्याला त्याचा स्वतंत्र खिळा, मग पुन्हा र. काही पद्धतींत तर मात्रासुद्धा वेगळ्या खिळ्याची, वरच्या बाजूला बारकाईने बसवायची. इंग्रजीचं सव्वीस अक्षरांत भागतं. मराठीला काने, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून शेकडो खाने लागतात, आणि कुठला खिळा कुठल्या खान्यात आहे हे डोळ्यांआधी बोटांना कळावं लागतं. खुद्द लोकमान्य टिळकांनी मराठी खिळ्यांची ही संख्या कमी करण्यासाठी डोकं शिणवलं होतं.

आता या खान्यांसमोर एक मुलगी उभी करा. दुष्काळात आईबाप गेलेली, उपासमारीतून वाचलेली, काही वर्षांपूर्वी एक अक्षरही न ओळखणारी. आणि तिच्यापुढे जुळणीला ठेवलेला मजकूर म्हणजे अख्खं बायबल, छापायचं तिच्यासारख्याच बायकांनी.

हे घडलं आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं, तिथल्या मुक्ती मिशनमध्ये. भाषांतर पंडिता रमाबाईंचं. जुळणी, छपाई सगळी तिथल्या बायका-मुलींच्या हातची. रमाबाईंविषयी लिहिताना आपण शारदा सदन, विधवांचं शिक्षण, धर्मांतरावरून पुण्यात उठलेला वाद एवढ्यावर थांबतो, आणि तेही काही थोडं नाही. मला मात्र सर्वांत जास्त नवल वाटतं ते या छापखान्याचं. ख्रिस्ती माणसं ‘आत्मिक वाढ’ म्हणतात ती रोजच्या कामात कशी दिसते, हे कुणी विचारलं तर मी प्रवचनाकडे बोट न दाखवता या खिळ्यांकडे दाखवीन.

आधी रमाबाईंकडे बघू. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने ते मुलीला दिलं. पुराणातले हजारो श्लोक लहानपणीच तोंडपाठ. पुढे १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर चालत राहिले. कलकत्त्यात १८७८ साली ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. लग्न झालं, दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी वारले, पदरी मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला, पण ऐकू कमी येत असल्याने तो रस्ता बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं एक घर दाखवलं होतं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांची तिथे त्या सेवा करत. रमाबाईंनी पुढे आपल्या ‘साक्षी’त लिहून ठेवलं की अशा बायकांना माणूस म्हणून वागवणारं काही पहिल्यांदा दिसलं ते तिथे. वादविवादात पंडितांना गप्प करणाऱ्या या विदुषीला हलवलं ते कुठल्या सिद्धान्ताने नव्हे, तर कुणाच्या तरी रोजच्या कामाने. केडगावात त्यांनी पुढे अशाच बायकांसाठी ‘कृपा सदन’ काढलं, त्याचं मूळ इथलं.

बाप्तिस्मा झाला म्हणजे मुक्कामाला पोचलो असं अनेकांना वाटतं. रमाबाईंना तसं वाटलं नाही. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे ख्रिस्ती धर्म हाती लागला होता, पण ख्रिस्त भेटायचा होता, आणि तो भेटायला पुढे आठेक वर्षं गेली. प्रोटेस्टंट परंपरा तारण आणि त्यानंतरची वाढ हे दोन टप्पे वेगळे मानते. तारण ही देणगी असते, ती कमवावी लागत नाही. मात्र ती मिळाल्यावर माणूस हळूहळू बदलत जातो, त्याला ‘पवित्रीकरण’ म्हणतात, आणि ते मरेपर्यंत चालू राहतं. देणगी फुकट असेल तर मग राबायचं कशाला, हा प्रश्न दोन हजार वर्षं विचारला जातो आहे. प्रेषित पौलाचं उत्तर कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. जे काम कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जीव ओतून करा, अशा आशयाचं. हे तो कुणाला सांगतो आहे ते मात्र बहुतेक वाचक विसरतात. समोर विद्वान नाहीत, पुरोहित नाहीत. गुलाम आहेत. ज्यांच्या कामाला ना मजुरी ना मान, त्यांना हा तंबू शिवून पोट भरणारा माणूस सांगतो की तुमचं काम थेट देवाच्या दरबारी रुजू होतं. हा सल्ला पुढे मालकांनी सोयीने वापरला, हेही खरं, आणि ते विसरता कामा नये. मराठी वाचकाला इथे मळ्यातच विठ्ठल पाहणारा सावता माळी आठवणारच, आठवू द्यावा.

दुष्काळ १८९६-९७ मध्ये पुन्हा आला. ज्या वणव्यातून स्वतः निसटल्या होत्या, त्यात रमाबाई परत गेल्या आणि मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावची जमीन आधीच घेतलेली होती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या तोंडांना रोज खायला घालायचं, म्हणजे विहिरी, शेती, गुरं, तेलघाणा, विणकाम, धुलाई. अंध मुलींना ब्रेल आणि हातकाम. प्रार्थना करणाऱ्या आणि जेवण रांधणाऱ्या अशा दोन वेगळ्या जाती तिथे नव्हत्या, असून चाललंही नसतं.

जून १९०५ मध्ये मुक्तीत संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झालं. मुली रडल्या, पापं कबूल केली, तासन्‌तास प्रार्थना चालल्या. जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात त्या घटनेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पेंटेकोस्टल अभ्यासक तर केडगावचं नाव आवर्जून घेतात. पण त्या उमाळ्यापेक्षा त्यानंतरची वर्षं मला जास्त बुचकळ्यात टाकतात. उमाळा ओसरतो. ओसरल्यावर उरतं काय, यावर ख्रिस्ती गुरूंचं नेहमी लक्ष असतं. केडगावात उरलं ते हिब्रू व्याकरण, ग्रीक कोश आणि प्रुफं.

संपूर्ण बायबल तोवर मराठीत आलेलं होतं. मिशनरी विल्यम केरीच्या बंगालमधल्या सेरामपूरहून मराठी नवा करार १८११ मध्येच निघाला होता. रमाबाईंना मात्र असं मराठी हवं होतं की नुकतीच वाचायला लागलेली बाई ते कुणाला अर्थ न विचारता समजून घेईल. त्यासाठी इंग्रजीवरून भाषांतर करणं त्यांना मान्य नव्हतं. हिब्रू आणि ग्रीकपासून सुरुवात करायची. ज्या बाईला संस्कृतात शास्त्रार्थ करता येत होता, ती उतारवयाकडे झुकताना उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीचा अभ्यास करत बसली. कान साथ देत नव्हते, डोळ्यांवरच सगळा भार. जवळजवळ दोन दशकं हे काम चाललं, आणि तेही फावल्या वेळात, कारण दिवसा आश्रम चालवायचा होता.

छापखान्याचं गणित ऐकलं की अचंबा वाढतो. बायबलमध्ये ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. एवढा मजकूर एकाच वेळी जुळवून ठेवता येईल इतके खिळे सहसा कुठल्याच छापखान्याकडे नसत. म्हणून आठ किंवा सोळा पानांचा फॉर्मा जुळवायचा, प्रुफं काढायची, चुका चिमट्याने उपटून नवे खिळे बसवायचे, पुन्हा प्रूफ, मग छपाई, आणि शेवटी फॉर्मा मोडून एकेक खिळा पुसून परत ज्याच्या त्याच्या खान्यात. पुढचा फॉर्मा त्याच खिळ्यांचा. म्हणजे उत्पत्तीत आदामाच्या नावात उभा राहिलेला ‘आ’ मोडून, धुऊन, पुन्हा खान्यात पडून कधीतरी प्रकटीकरणातल्या ‘आमेन’लाही लागला असेल. खिळा चुकीच्या खान्यात पडला की पुढच्या पानावर चूक हमखास. कंटाळून टाकलेल्या एका खिळ्याची शिक्षा दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याच मुलीला. एकमेकींशी प्रामाणिक राहणं ही तिथे प्रवचनातली गोष्ट नव्हती, तो छापखान्याचा व्यवहार होता.

आणि चुका पकडायच्या कशा? ज्या भाषेत एका काना-मात्रेने अर्थ पालटतो, तिथे धर्मग्रंथाची प्रुफं वाचणं हे फार चिवट काम. उत्साहाने प्रूफ वाचता येत नाही, उत्साहात डोळा पुढे पळतो आणि जे असायला हवं तेच वाचतो. कागदावर जे आहे तेवढंच पाहायला शिकावं लागतं. ख्रिस्ती साधनेत नम्रता नावाचा जो गुण सांगतात, त्याची एवढी रोखठोक तालीम दुसरीकडे क्वचितच मिळत असेल.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईनंतर मुक्ती तीच सांभाळणार, असं धरलेलं होतं. रमाबाई थकल्या होत्या, आजारी होत्या, तरी प्रुफं थांबली नाहीत. चरित्रकार सांगतात की शेवटची प्रुफं तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावं अशी त्यांनी प्रार्थना केली होती, आणि ती तपासून झाल्यावरच त्यांनी डोळे मिटले. तारीख ५ एप्रिल १९२२, चौसष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर होता.

या भाषांतराचं पुढे काय झालं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचलं जात राहिलं. रमाबाईंचं मराठी मुळाला इतकं घट्ट धरून चालतं की कानाला ते ठिकठिकाणी अवघडल्यासारखं लागतं, अशी तक्रार झाली आणि तिच्यात तथ्य आहे. सोपं लिहायचं आणि मुळापासून तसूभर ढळायचं नाही, या दोन हट्टांची सगळीकडे सांगड बसली नाही. अभ्यासक ते काढून पाहतात, घरोघरी ते पोचलं नाही. एका बाईने एकहाती पेललेलं, मूळ भाषांवरून केलेलं अख्खं बायबल जगात किती भाषांना लाभलं असेल? मराठीला लाभलं, आणि बहुतेक मराठी माणसांना ते ठाऊकही नाही.

रमाबाई गेल्या तेव्हा तपासणी संपली होती, पुस्तक व्हायचं होतं. शेवटचे फॉर्मे यंत्रावर चढायचे होते, कागद घडी घालायचा होता, शिवण, पुठ्ठा, सगळं बाकी होतं. आता सांगणारं, रागावणारं, शाबासकी देणारं माणूस नव्हतं. हातावरचा वेग थोडा सैल सोडला असता तरी विचारायला कोण येणार होतं? मुक्तीतल्या बायकांनी काम पुरं केलं आणि १९२४ मध्ये बायबल बाहेर आलं. मुखपृष्ठावर जुळारणींची नावं कुणी छापत नसे, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.