‘हार्मोन’ म्हणजे काय?

‘डॉक्टरांनी हार्मोनचे औषध दिले आहे,’ असे ऐकताच घरातील वडीलधारी माणसे दचकतात. क्वचित ते औषध परस्पर बंदही केले जाते. म्हणून या शब्दाचा अर्थ आम्ही येथे देत आहोत.

इ. स. १९०२ मध्ये लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग या शास्त्रज्ञांना असे आढळले की, जठरातील आम्लयुक्त अन्न लहान आतड्यात उतरताच आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य रक्तात मिसळते व स्वादुपिंडास पाचकरस सोडावयास लावते. रक्तावाटे निरोप नेणाऱ्या अशा द्रव्यांस स्टार्लिंग यांनी १९०५ साली ‘हार्मोन’ म्हटले. ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून हे नाव आले. मराठीतील ‘संप्रेरक’ या शब्दाचा अर्थही तोच.

तेव्हा हार्मोन हे कोणा एका औषधाचे नाव नव्हे. जीवनसत्त्वे बहुतांशी अन्नातून मिळतात. संप्रेरके शरीर स्वतःच घडविते. मधुमेहावरील इन्शुलिन हे संप्रेरकच होय. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली असता देतात ती थायरॉक्सिनची गोळीही तेच. शरीरात जे उणे पडले, ते बाहेरून भरून काढावयाचे, एवढाच हा उपाय.

या ग्रंथीचा दोष जन्मतःच असलेल्या बालकास ती गोळी वेळेवर मिळाली नाही, तर त्याच्या बुद्धीची वाढ कायमची खुंटते. वाचकहो, केवळ नावास भिऊन असे औषध डॉक्टरांस विचारल्यावाचून थांबवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.