तांबड्या खवलेकिडीचे वैरी

शत्रूचा शत्रु तो आपला मित्र, हें राजनीतीचें सूत्र शेतीशास्त्रांतही चालतें. परंतु असे दोन मित्र एकाच दारीं आले आणि त्यांच्यांतच चुरस लागली, तर यजमानानें काय करावें? अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील बागाइतदारांपुढें हा प्रश्न खरोखरच उभा राहिला होता.

तेथील संत्र्या-लिंबांच्या बागांत १८७० च्या सुमारास तांबडी खवलेकीड शिरली. टांचणीच्या डोक्याएवढी ही कीड पानांफळांस चिकटून रस शोषते आणि अंगावर मेणचट ढाल पांघरून बसते. झाडावर तंबू टाकून आंत विषारी वायु कोंडण्याचा उपाय झाला. पण कांहीं वर्षांनीं कीड त्यालाही जुमानीनाशी झाली.

या ढालीला पुरून उरणारा वैरी म्हणजे अफायटिस कुळांतील गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हणतांच छपराखालचें पोळें व डंख आठवतो. ही मात्र जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, पिवळसर आणि मनुष्यास अगदीं निरुपद्रवी. मादी सुईसारखी नळी ढालींतून खुपसून किडीच्या अंगावर अंडें घालते, आणि त्यांतून निघालेली अळी किडीस शोषून संपविते.

या कुळांतील पहिली जाति, क्रिसॉम्फाली, १९०० च्या सुमारास कोणीं न बोलावतांच आली होती. १९४८ सालीं दक्षिण चीनमधून आणलेली लिंगनानेन्सिस सोडण्यांत आली, आणि दहाएक वर्षांत पहिली जवळजवळ दिसेनाशी झाली. पुढें १९५६-५७ त भारत व पाकिस्तान येथून मेलिनस गेली. तिनें थोड्याच वर्षांत आंतल्या उष्ण खोऱ्यांतून लिंगनानेन्सिसला हुसकून समुद्रकिनाऱ्याकडे लोटलें.

मित्रांच्या अशा भाऊबंदकींत किडीचेंच फावेल, ही भीति सहज वाटण्याजोगी होती. सर्वांत गुणी असा एकच मित्र निवडून आणावा, असें कांहीं शास्त्रज्ञांनीं १९६१ सालीं प्रतिपादन केलें. रिव्हरसाइड येथील पॉल डीबाख यांचा अनुभव मात्र उलट होता. नवी जाति विजयी झाली तेथें कीड वाढली तर नाहींच, उलट अधिक आटोक्यांत आली. गुणी कोण हें आधीं कागदावर ठरविण्यापेक्षां बागेंतच ठरूं देणें त्यांस शहाणपणाचें वाटे, आणि तें योग्यच म्हटलें पाहिजे.

पण मेलिनस जिंकली कशानें? याचा उलगडा लक व पोडोलर या संशोधकांनीं १९८५ सालीं केला. या माश्यांत फलित अंड्यांतून मादी व अफलितांतून नर निपजतो, आणि कोणतें अंडें घालावयाचें हें आईच्या हातीं असतें. लेकीला पुढें अंडीं धरावयाचीं असल्यामुळें तिचें अंग भरलेलें हवें. म्हणून आई मोठ्या किडीवर लेक ठेवते आणि लहान किडीवर मुलगा. लिंगनानेन्सिसला लेकीसाठीं सुमारें ०.५५ चौरस मिलिमीटर ढालीची कीड लागते, मेलिनसचें ०.३९ वर भागतें. कीड तर हळूहळू वाढणारी. ती लिंगनानेन्सिसच्या मापास येण्यापूर्वींच मेलिनस तिच्यावर आपली लेक ठेवून मोकळी होते. प्रतिस्पर्धिणीच्या वांट्यास उरतात त्या लहान किडी, म्हणजे मुलगेच मुलगे. आणि नुसत्या मुलग्यांनीं वंश कसा वाढावा? मारामारी नाहीं, उपासमारही नाहीं. एवढ्याशा मापाच्या फरकानें राज्य गेलें.

सर्वच जातींत असें हाडवैर नसतें. कॉम्पेरिएला नांवाची दुसऱ्या कुळांतील माशी किडीच्या शरीराच्या आंत अंडें घालते. ती कित्येक बागांत मेलिनसच्या शेजारीं नांदते.

मेलिनसची पैदास आतां मुद्दाम केली जाते. त्यासाठीं कण्हेरीवरची खवलेकीड भोपळ्यांवर वाढवितात, तीवर माश्या पोसतात आणि मग त्या बागांतून सोडतात.