आधी रंग वाळू द्यावेत



गेल्या पावसाळ्यातील ही गोष्ट. गाढी नदीचे पाणी वाढले होते आणि पनवेलमधील माझ्या दवाखान्यात त्या संध्याकाळी गर्दी नव्हती. ५४ वर्षांच्या एक गृहिणी तपासणीसाठी आल्या. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, लिहिण्यास त्यांची संमती आहे.) तक्रारी तीन होत्या: मान आखडणे, तुटक झोप आणि अधूनमधून छातीत धडधड. रक्तदाब १४८/९२ भरला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तेव्हा १४२/९०. एका दिवसाच्या मोजणीवरून कुणालाही रक्तदाबाचा रुग्ण ठरवू नये. म्हणून आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत नोंद ठेवण्यास सांगितले. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन या तपासण्या करून घेतल्या. त्या सर्व ठीक निघाल्या.

पुढच्या भेटीत मी विचारले, "रात्री जाग येते तेव्हा काय करता?"

त्या ओशाळल्या. "फोन बघते, मॅडम. चित्र किती जणांनी पाहिलं ते."

मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर त्यांनी जलरंग हाती घेतले होते. वडाळे तलावाचा काठ, खिडकीतील तुळस, भाजीच्या टोपलीतील वांगी असे रोज एक चित्र. मुलीने इन्स्टाग्रामवर खाते उघडून दिले आणि रोजचे चित्र तेथे जाऊ लागले. तीस-चाळीस लोक पाहत, चार ओळखीचे कौतुक करीत, आणि दिवस आनंदात जाई. मग एका दुपारी त्यांनी दिवाणखान्यात निजलेल्या सासूबाईंचे चित्र काढले. किंचित उघडे तोंड, विस्कटलेले पांढरे केस, उशाशी पाण्याच्या पेल्यात ठेवलेली दातांची कवळी. चित्र उत्तम उतरले होते. ते हजारो लोकांनी पाहिले, शेकडोंनी वाखाणले.

पंधरा दिवसांनी भजनी मंडळातील कुणीतरी सासूबाईंना ते चित्र फोनवर दाखवले. त्या घरी आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "विचारायचंस तरी. केस विंचरून बसले असते मी." त्या दिवसापासून त्या दुपारी आपल्या खोलीचे दार लावून निजू लागल्या.

या रुग्णेच्या मानेचे दुखणे फोनवर वाकण्याने होते, झोपेचे दुखणे फोनच्या ओढीने होते. पण छातीतील धडधडीचे मूळ मला त्या बंद दारापाशी सापडले.

कलेचे आरोग्याशी नाते

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे कुणीतरी असते. कुणी चित्रे काढतो, कुणी गातो, कुणी रांगोळी किंवा कविता. कलेचा हा छंद सोडावा, असे मी कोणत्याही रुग्णाला सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील ३,०००हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळण्यापासून दीर्घ आजारात मनाला आधार देण्यापर्यंत कलेचा उपयोग होतो, असा त्याचा आशय आहे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे मनाला येईल ती कलाकृती करू दिली. सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण कमी झाले. पूर्वी कला शिकलेले आणि कधीच ब्रश न धरलेले, यांच्यात त्याबाबत फरक दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावरून मोठे सिद्धान्त मांडू नयेत. पण लक्षात घ्या, त्या ४५ मिनिटांत त्यांच्या कामाला कुणी गुण देत नव्हते.

कला इतरांना दाखवणे हेही वाईट नाही. मुंबईत दालन घेऊन प्रदर्शन भरवणे प्रत्येकाला कोठून परवडणार? घरात अडकलेल्या, वयाने थकलेल्या किंवा आजाराने बाहेर न पडू शकणाऱ्या माणसाला फोनच्या पडद्याने प्रेक्षक मिळवून दिला, हे उपकारच मानले पाहिजेत. प्रश्न उरतो तो घाईचा.

मोजण्याची ओढ

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर कबूतर दाणा मिळताच थोडे थांबते. पण दाणा कधी मिळेल याचा नेमच नसेल, तर ते चोच मारीतच राहते. फोनवरील कौतुकही असेच अनियमित असते. आज चाळीस, उद्या चार हजार, परवा पुन्हा पंचवीस. त्यामुळे मेंदूला 'आणखी एकदा पाहू' याची चटक लागते. यात स्वभावाचा दोष फारसा नाही. मीही एका दिवाळीत स्वतःच्या रांगोळीचे छायाचित्र सोसायटीच्या समूहावर टाकले आणि रुग्ण समोर बसलेला असताना मध्येच फोन पाहिला. त्या रुग्णाने काही म्हटले नाही, पण मला स्वतःची लाज वाटली.

या ओढीचा खरा तोटा पुढे होतो. माझ्या या रुग्णेने त्या चित्रानंतर तलाव काढला नाही, वांगी काढली नाहीत. पुन्हा हजारो लोक थबकतील असे काहीतरी शोधीत त्या घरात वावरू लागल्या. घरातील माणसे त्यांना माणसे न वाटता विषय वाटू लागली. हे त्यांनीच मला सांगितले, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

नागावचा चित्रकार आणि त्याच्या वह्या

आपल्याच रायगड जिल्ह्यातील एका मोठ्या कलावंताची येथे आठवण होते. प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ साली अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. घड्याळ, झाडाचे पान, शंख, फळ अशा आपल्या रोजच्या पाहण्यातील वस्तूंना त्यांनी चित्रांत निराळेच अस्तित्व दिले. नोकरी आणि चित्रकला सांभाळत ते दशकानुदशके वह्या लिहीत राहिले. त्यांत रेखाटने होती, आकारांविषयीचे विचार होते, अर्धवट राहिलेल्या कल्पना होत्या. या चिंतनातून 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचे पुस्तक १९९० साली आले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९९५ साली ते निवर्तले. त्यांच्या वह्यांची पाने मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात रसिकांसमोर मांडली गेली, ती २०१९ साली.

म्हणजे यातील कित्येक पाने लिहिली गेली तेव्हा ती पाहणारे डोळे फक्त लिहिणाऱ्याचेच होते. तेथे चुकण्याची मुभा होती, खोडण्याची मुभा होती, आणि आज काही सुचले नाही, एवढेच लिहून वही मिटण्याचीही मुभा होती. मनाच्या आरोग्यासाठी अशी एक जागा प्रत्येकाला हवी.

दुसरे उदाहरण अलिबाग तालुक्यातील सासवण्याचे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी लहानपणी गावातील राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. ते तत्कालीन जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि मुलाचा मुंबईच्या कलाशिक्षणाचा मार्ग खुला झाला. पुढे १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच हातांनी घडवला. एखादे जाणते कौतुक आयुष्य घडवते, ते असे. मात्र गावच्या भिंतीला आकडे नव्हते. चित्र तेथे होते, आणि योग्य डोळा येईपर्यंत ते भिंतीवर स्वस्थ राहिले. सासवण्याच्या त्यांच्या घरातील शिल्पालय मुलांना घेऊन अवश्य पाहा. अंगणातील म्हैस पाहिली की रोजच्या घरगुती जगाकडे किती आदराने पाहता येते, हे मुलांना न सांगता कळेल.

आधी घरच्यांना विचारावे

आम्हा डॉक्टरांना शिक्षण घेतानाच शिकवले जाते की रुग्णाची गोष्ट रुग्णाच्या मालकीची. दवाखान्यात ऐकलेले दवाखान्यातच राहिले पाहिजे. घरातील कलावंतालाही हाच नियम लागू करावा, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. आजारी, निजलेला, रडणारा किंवा वार्धक्याने विसरभोळा झालेला माणूस आपल्यासमोर निर्धास्त असतो, कारण तो घरात असतो. त्या निर्धास्तपणाचे चित्र जगाला दाखवायचे, तर त्याला आधी विचारले पाहिजे. लहान मूल आज नाही म्हणू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने आपणच अधिक जपावे.

काही पथ्ये

येथून तासाभराच्या अंतरावर पेण आहे. तेथील गणेशमूर्तींचे कारखाने आपण पाहिले असतील. शाडूची मूर्ती सावलीत सावकाश वाळवतात. घाईने उन्हात ठेवली तर तिला तडे जातात. रंगाचा हात नंतरचा. हे उदाहरण मी त्या बाईंना दिले आणि पुढील पथ्ये सांगितली. आपल्यालाही ती उपयोगी पडावीत.

१. काढलेले चित्र किमान आठ दिवस घरातच ठेवावे. आठव्या दिवशीही ते आवडले, तर खुशाल दाखवावे.

२. चित्राचा पहिला प्रेक्षक घरातील असावा. चित्रात घरचे माणूस असेल, तर त्याचा होकार घ्यावा आणि नकार आला तर रुसू नये.

३. एक वही केवळ स्वतःसाठी ठेवावी. तिचे छायाचित्र काढू नये.

४. प्रतिसाद पाहण्याची दिवसातील एकच वेळ ठरवावी. झोपेच्या तासभर आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. गजरासाठी साधे घड्याळ वापरावे.

५. माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलो वजनाचे असते. ते तासन्‌तास पुढे झुकवून बसल्यास मान तक्रार करणारच. कागद तिरक्या फळीवर, डोळ्यांच्या जवळ उचलून घ्यावा. दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे.

६. ब्रशचे टोक ओठांनी जुळवण्याची सवय असल्यास आजच सोडावी. काही रंगद्रव्यांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. तैलरंग आणि टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

७. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, आवडत्या कामातील रस गेला किंवा झोप उडाली, तर डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या 'टेलि-मानस' या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतही बोलता येते. छातीत दुखणे, दम लागणे किंवा चक्कर येऊन पडणे असे काही झाल्यास मात्र या पथ्यांची वाट पाहू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

दीड महिन्याने त्या पुन्हा आल्या. घरच्या नोंदींतील रक्तदाब बहुतेक दिवशी १३०/८४च्या आसपास होता. गोळी सुरू करण्याची वेळ आली नाही. मीठ कमी आणि चालणे रोज, एवढ्यावर सध्या भागले आहे. फोन रात्री स्वयंपाकघरात राहतो. मान अजून अधूनमधून दुखते.

त्यांनी सासूबाईंची क्षमा मागितली होती आणि ते चित्र काढून टाकले होते. मग एका रविवारी सासूबाई स्वतःहून समोर येऊन बसल्या. केस नीट विंचरलेले, अंबाड्यात अबोलीचा गजरा, अंगावर ठेवणीतले लुगडे. दोन तास त्या हलल्या नाहीत. चित्र पुरे झाल्यावर चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाक थोडं मोठं झालंय." ते चित्र कुठेही प्रसिद्ध झालेले नाही. त्यांच्या खोलीत, देवाच्या तसबिरीशेजारी लावले आहे.

दुपारी त्या खोलीचे दार अजूनही लोटलेले असते, असे सूनबाईंनी मला सांगितले. मात्र आतून कडी नसते.